अमेरिकेत एमबीए झालेला चिनी विद्यार्थी: तिथेच राहावं की मायदेशी परतावं?

अमेरिकेत राहायचं तर आधी आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्र) वरचा अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक पाहा. ५२.१३०१, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, असेल तर ओपीटीच्या (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) १२ महिन्यांवर स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांच्या पदवीचे) आणखी २४ महिने मिळू शकतात. साध्या एमबीएला १२ महिनेच, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मार्चमधल्या सोडतीची बहुधा एकच संधी. स्टेमवाल्याला तीन. हा फरक प्रवेश घेतानाच ठरतो, नंतर सहसा हातात काही उरत नाही.

ओपीटीचा अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकारी चालत नाही. वाढीव मुदतीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी आणि आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा भरायला तयार हवी. छोट्या कंपन्यांत गाडं इथेच अडतं. हे नियम आपल्याकडच्या मुलांनाही तेच लागू आहेत.

चीनमध्ये व्हिसाची कटकट नाही, पण वेळापत्रक निर्दय आहे. मोठ्या कंपन्यांची नव्या पदवीधरांसाठीची शरद भरती साधारण पदवीच्या आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. मे महिन्यात पदवी हाती घेऊन मग शोधाशोध करणाऱ्याची ती फेरी हुकलेली असते, वसंतातल्या भरतीत जागा थोड्या. शिवाय अनेक कंपन्या पस्तिशीपुढचे उमेदवार टाळतात. कामाचा अनुभव घेऊन एमबीएला गेलेल्यांना हे फार जाचतं.

म्हणून स्टेम पदवी असेल तर आधी अमेरिका, पण शेवटच्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये चीनमधले अर्जही टाकावेतच. साध्या एमबीएला मात्र चीनकडची तयारीच मुख्य धरावी.