‘गुऱ्हाळ’ मॉड गेला, वर २१,७८० रुपये गेले. मॉड लिहिणाऱ्या पोरांनी वाचाच

माझा मॉड विकून देतो म्हणणाऱ्या पुण्याच्या एका माणसाला मी दिले २३,७८० रुपये. त्यातले २,००० त्यानेच सुरुवातीला ‘टोकन’ म्हणून दिले होते, म्हणजे खिशातून गेले २१,७८०. आकडा पूर्ण लिहितोय, कारण घरी पहिले चार दिवस मी ‘पाचेक हजार गेले’ असं खोटं सांगत होतो. त्याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

माइनक्राफ्ट या खेळासाठी ‘गुऱ्हाळ’ नावाचा मॉड, म्हणजे खेळात नव्या गोष्टी घालणारा कोड, मी दोन वर्षं बसून लिहिला. निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या माणसाला गुऱ्हाळ म्हणजे काय ते सांगायला नको. खेळात ऊस आधीपासून आहे, पण त्यापासून साखर आणि कागद, एवढंच होतं. मी घाणा आणला, चुलाण आणलं, चिपाडाचं जळण आणलं. पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवला तर ढेप बांधते, उशीर केला तर करपतो. हे आमच्या शेजारच्या मळ्यात गुळव्याजवळ थर्मामीटर घेऊन बसून मी टिपलं होतं. मॉड फुकट होता, ४१,००० डाउनलोड झाले होते. अट एकच होती: कोड उचलून दुसरीकडे वापरायचा असेल तर आधी मला विचारा.

त्याने विचारलं. म्हणूनच मी फसलो. बाकीचे न विचारता उचलतात, हा ‘परवानगी मिळेल का भावा’ म्हणाला. पुण्यात स्टुडिओ आहे, मॉडची बेडरॉक (खेळाची दुसरी आवृत्ती) आवृत्ती करून मार्केटप्लेसवर, म्हणजे खेळाच्या अधिकृत दुकानात, लावू, ४५,००० एकरकमी आणि नंतर विक्रीत वाटा. माझा मॉड ज्या जावा आवृत्तीचा, तिचे मॉड विकता येत नाहीत हे मला माहीत होतं. खेळाचा करारच सांगतो की शून्यातून लिहिलेला मॉड तुमचा, फक्त त्यावर पैसे कमवायचे नाहीत. पण बेडरॉकच्या मार्केटप्लेसवर २०१७ पासून अधिकृत विक्री चालते, त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटलं. मी हावरटपणा केला असं आत्या म्हणते. दोन वर्षांच्या कामाला कुणी पहिल्यांदा किंमत देत होता, त्याला हावरटपणा कसं म्हणायचं?

मग बिल आलं. कॉपीराइट नोंदणी ‘तुमच्याच नावावर’ करण्यासाठी ६,००० अधिक जीएसटी १८ टक्के, एकूण ७,०८०. बिलात सीजीएसटी ५४० आणि एसजीएसटी ५४०.

इथे मला कळायला हवं होतं. आमचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माल कोल्हापुराहून येतो, कोगनोळी नाका ओलांडून. प्रत्येक बिलावर आयजीएसटी असतो, कारण विकणारा महाराष्ट्रात आणि घेणारा कर्नाटकात. ती बिलं टॅलीत मीच चढवतो, बारावीपासून. पुण्याचा माणूस माझ्या नावाने, आमच्या गावच्या पत्त्यावर बिल करतो आणि त्यात एकाच राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी-एसजीएसटी लावतो, हे मला एका नजरेत दिसायला पाहिजे होतं. दिसलंसुद्धा. ‘याच्या अकाउंटंटने चूक केली असेल’ असं मनात म्हणालो आणि पैसे पाठवले. बाबांना नंतर बिल दाखवलं तर चष्मा न लावता म्हणाले, “आयजीएसटी कुठं हाय रे ह्यात?” दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, तपासा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, कर्नाटकाचा २९ ने. आणि सॉफ्टवेअरच्या कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे. शिवाय नोंदणी नसली तरी हक्क असतोच, लिहिल्या क्षणापासून.

नंतर नोंदणीचा अर्ज म्हणून एक पीडीएफ आली, सात पानांची. ओटीपी टाकून सही केली. पाचव्या पानावर ‘सर्व हक्क हस्तांतरित’ असं होतं. सातही पानं वाचली नाहीत, हे कबूल. मग अनामत १२,५००, मग ‘टॅक्स क्लिअरन्स’ ४,२००, मग फोन बंद.

आणि तीन आठवड्यांनी माझाच मॉड साइटवरून उतरवला गेला. तक्रार त्याची, पुरावा माझी सही. मॉड आता त्याच्या सर्व्हरच्या पॅकमध्ये आहे, २९९ रुपयांना. नाव बदललंय, माझं नाव काढलंय. मी त्याची फाइल डिकंपाइल केली, म्हणजे आतला कोड वाचता येईल अशी उलगडली. उसाच्या वाढीच्या गणितात मी ८६०३२ हा आकडा टाकला होता, आमच्या रानातल्या को ८६०३२ जातीवरून. तो तिथे जसाच्या तसा आहे. चोराला तो आकडा कशाचा हे ठाऊकही नसेल.

अमेरिकी कायद्याप्रमाणे अशा तक्रारीला उलट नोटीस देता येते. दिली, आणि समोरच्याने दावा लावला नाही, तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मॉड परत चढतो. पण त्यात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. मी घाबरून महिना घालवला. तुम्ही घालवू नका.

आता पोलिसांचं. पहिल्या ठाण्यात अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. शेजारच्या सरांकडून लिहून नेला. “नाळे बन्नी”, उद्या या. असे पाच उद्या झाले. सहाव्या दिवशी साहेबांनी विचारलं, “चोरीला काय गेलं? कोड तुझ्याकडं आहे की अजून.” आणि मग, “तू फुकट देत होतास, विकायलाही येत नाही म्हणतोस, मग नुकसान कसलं?” मी तिथे गप्प बसलो. इथे सांगतो. विकायचा हक्क मला नाही, पण ‘तू वापरू नकोस’ म्हणायचा हक्क माझाच आहे. मी देवळात फुकट प्रसाद वाटला म्हणून कुणी माझं भांडं उचलून बाजारात मांडायचं नसतं.

मग म्हणाले, आरोपी महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे गेलो, तर ‘तुम्ही कर्नाटकातले, तुमच्याकडंच द्या’. सत्तर वर्षं आमची गावं या दोघांमध्ये लोंबकळत आहेत, आता तक्रारसुद्धा? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र (पोलिसांना थेट तपास करता येतो असा) गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती घ्यायलाच हवी. दिवाणी दाव्यालाही पुण्याला जावं लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या कोर्टात तो लावता येतो. एका ठाण्यात हा अदखलपात्र गुन्हा असल्याचंही सांगितलं. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२२ लाच कलम ६३ चा, म्हणजे कॉपीराइट भंगाचा, गुन्हा दखलपात्र ठरवलाय. छापून नेलं होतं, कागद हातातही घेतला नाही.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पहिल्या तासात फोन करा. मी केला तेव्हा खातं रिकामं होतं.

बेळगावच्या एका वकीलबाईंनी मी सही केलेला सात पानांचा कागद नीट वाचला. त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलेला नाही, म्हणून कलम १९ नुसार ते हस्तांतर धरलं तरी पाच वर्षांचं आणि भारतापुरतं. आणि लेखक म्हणून नाव लावायचा हक्क, कलम ५७ चा, सही करूनही जात नाही. त्यांनीच आणखी एक दाखवलं. फॅब्रिकच्या (मॉड लिहायच्या साधनाच्या) नमुना मॉडमध्ये परवान्याच्या ओळीत सीसी-झिरो लिहिलेलं असतं, म्हणजे सगळे हक्क सोडले. मी ती ओळ चौथ्या आवृत्तीत बदलली. आधीच्या तीन आवृत्त्यांसाठी भांडणं अवघड आहे. आज घरी गेल्यावर तुमची ती फाइल उघडा आणि ओळ बघा.

उलट नोटीस परवा पाठवली. शनिवारी परत ठाण्यात जायचंय, या वेळी बाबा दुकान बंद ठेवून बरोबर येणार आहेत. त्या सर्व्हरवर कुणी २९९ भरले असतील, तर पावतीचा फोटो मला पाठवा. तारीख दिसली पाहिजे.