भिंतीवरचा डाग : पुसायचा की रंगाचा हात मारायचा?

डाग कशाचा आहे ते नंतर बघा, आधी भिंतीला रंग कोणता आहे ते बघा. कपाटामागं, कुणाला दिसणार नाही अशा जागी ओलं पांढरं फडकं हलकं घासा. फडक्याला रंगाची भुकटी लागली तर भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची. ती घासायच्या भानगडीत पडू नका, डागासोबत रंगही निघतो. काहीच लागलं नाही तर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट, म्हणजे पुसायला वाव आहे.

पुसण्यात माझी पहिली पसंती साबणाच्या पाण्याला. फोडणीचे शिंतोडे, बटनांभोवतीचे हात त्यानंच निघतात. अर्ध्या बादली कोमट पाण्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड पुरे. वडी नको, कारण आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात वडीचा साका धरतो. शेवटचा हात मात्र नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा द्या, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठसे उमटतात. आणि खालून वर पुसत जा. कोरड्या भिंतीवर मळकं पाणी ओघळलं की त्याचे पट्टे राहतात.

लेकरांच्या क्रेयॉनला खायच्या सोड्याची पेस्ट की मेलामाइनचा पांढरा स्पंज? स्पंज झटपट काम करतो, पण तो म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. मॅट रंगावर घासलेली जागा चकाकते, चकचकीत ऑइलपेंटची चमक उडते. सोड्याला वेळ लागतो, पण बोटाचा दाब हाताशी राहतो. मी सोडाच घेईन.

हळदीचं गणित वेगळं. लग्नघरातल्या भिंतींना तिचे हात लागतातच. त्यावर साबणाची वडी किंवा धुण्याचा सोडा लावला की पिवळा डाग लालसर होतो, कारण क्षारात हळदीचा रंग बदलतो. घाबरू नका, साध्या पाण्यानं पुसून घ्या. मग खिडकी उघडी ठेवा. ऊन पोचत असेल तर उरलेला पिवळेपणा दिवसागणिक फिका पडतो.

दिवाणामागं टेकलेल्या डोक्यांचा तेलकट डाग डिस्टेंपरवर असेल तर पुसणं सोडून रंगच मारा. पण थेट नको. आमच्या बैठकीत दोन हात मारूनही महिन्याभरात तो पुन्हा वर आला, कारण पाण्यातल्या रंगातून तेल झिरपतं. आधी ऑइल प्रायमर, तो वाळल्यावर रंग.

लोणा, म्हणजे ओलीमुळं भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, लागला असेल तर ओलं फडकं लावूच नका. क्षार विरघळून परत भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशनं झाडा, पाणी कुठून येतं ते शोधून बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग.

आणि रंग मारायचं ठरलंच तर डागापुरता ठिगळ लावू नका. त्याच डब्यातला रंग असला तरी जुन्या भिंतीशी जुळत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण घ्या.