मॉन्युमेंट व्हॅलीची जीप टूर : महाग आहे, तरी घ्याच

लास वेगसहून झायन, ब्राइस ही नॅशनल पार्क आणि पेज हे गाव करत जे पुढे कायंटा गावाकडून मॉन्युमेंट व्हॅलीला (ॲरिझोना-युटाच्या सीमेवरचं लाल सुळक्यांचं खोरं) येतात त्यांच्यासाठी लिहितेय, कारण सगळ्यांचं एकच म्हणणं असतं की भाड्याची गाडी आहेच ना, मग आतल्या १७ मैलांच्या लूपला, म्हणजे गोल फेरीच्या रस्त्याला, परत जीपचे पैसे कशाला. तर द्या. रस्ता अख्खा कच्चा, सुरुवातीच्या उतारावरच असले खड्डे आणि भुसभुशीत वाळू की सेडान खालून घासणारच, वर बऱ्याच रेंटलच्या ॲग्रीमेंटमध्ये कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालत नाही, काही झालं की बिल तुमच्या गळ्यात.

आणि लूप तर कोणीही करतं हो, खरी मजा त्याच्या आत आहे. बिग होगन, सन्स आय, इअर ऑफ द विंड या खडकांच्या बाजूला खासगी गाड्यांना बंदी, नावाहो (इथली मूळ रहिवासी जमात) गाइडच नेतो. बिग होगन म्हणजे डोंगराच्या पोटातला भलामोठा घुमट, वर छताला भोक, त्यातून निळं आकाश. गाइड म्हणाला त्या तिरप्या खडकावर पाठ टेकून पडा आणि वर बघा, मग स्वतः बासरी वाजवायला लागला, काय घुमला तो आवाज!! आमचं कार्टं पण चक्क गप्प.

दगडांबद्दलही मस्त सांगतो, म्हणजे आपला सह्याद्री लाव्हाचा आणि हे सगळं वाळूचं, वरचा थर कडक, खालचा मऊ, खालचा झिजला की वरून उभेच्या उभे तुकडे सुटतात म्हणून कडे असे सरळसोट. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा.

आता तक्रारी. मागून उघड्या जीपमध्ये धूळ जबरदस्त, कानात दातात सगळीकडे. आमची टूर उशिरा सुटली, त्याबद्दल सॉरी नाही की काही नाही, आणि जॉन फोर्ड्स पॉइंट या व्ह्यूपॉइंटला दागिन्यांच्या स्टॉलपाशी जरा जास्तच थांबवलं (फ्राय ब्रेड मात्र खा, भटुऱ्यासारखा लागतो, टॅको घेतलात तर व्हेज लोकांनी मटण-बीफ नको, नुसते बीन्स घाला असं आधीच सांगा).

हे नावाहो ट्रायबल पार्क आहे, तुमचा नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही, एंट्री वेगळी. नावाहो नेशनमध्ये, म्हणजे या जमातीच्या स्वायत्त प्रदेशात, दारूला बंदी आहे, तेव्हा कूलरमधली बिअर पेजलाच संपवा. आणि उन्हाळ्यात घड्याळाचा घोळ होतो, पेज ॲरिझोनाच्या वेळेवर आणि नावाहो भाग एक तास पुढे, त्यामुळे पेजहून सकाळी निघून इथलं बुकिंग असेल तर एक तास आधीच निघा, फोनवर विसंबू नका. शक्यतो संध्याकाळची टूर घ्या, ड्रायव्हरच्या केबिनला लागून असलेली सीट मागा, ओढणी नाहीतर मास्क ठेवा, टिपेला सुटे डॉलर असू द्या.