पिटुनियाच्या पाकिटात तांबडी भाजी

गोव्यात थंडीची फुलं लावणाऱ्याच्या हाताशी फार दिवस नसतात. ऑक्टोबरात पाऊस सरला की बी टाकायचं. मार्चमध्ये ऊन तापलं की पिटुनिया, फ्लॉक्स माना टाकतात. त्यात पिटुनियाला बी टाकल्यापासून फूल यायला अडीच-तीन महिने जातात. यंदा या मोजक्या दिवसांतले पाच आठवडे एका ऑनलाइन बीवाल्याने माझ्याकडून हिरावून घेतले. पैसे गेले ९९० रुपये. ते सोसता येतील, पण गेलेला हंगाम कुठून आणू?

चवथीनंतर मोबाइलवर जाहिरात दिसली: सहा प्रकारच्या फुलांचं बी, ६४० रुपये, घरपोच, सवलत दोनच दिवस. फोटोत पिटुनियाच्या एकाच झाडावर सात रंगांची फुलं होती. असं झाड नसतं. मला ते ठाऊकही होतं, पण फोटो सजवला असेल, बी तर बरं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पैसे आधीच यूपीआयने घेतले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणा माणसाच्या नावावर.

पाकिटं आली ती साध्या प्लास्टिकची, वर फुलाचं चित्र चिकटवलेलं. कंपनीचं नाव, लॉट नंबर, उगवण किती टक्के, चाचणीची तारीख, मुदत, यातलं काहीच छापलेलं नव्हतं.

पिटुनियाच्या पाकिटात काळं, चकचकीत, गोल बी होतं. खरं पिटुनियाचं बी खसखशीहून बारीक आणि तपकिरी असतं, चिमटीत धुळीसारखं लागतं. मी आजवर नर्सरीतून तयार रोपंच आणत आले, त्यामुळे ते कधी पाहिलेलं नव्हतं. कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून ट्रे भरले, पडवीत ठेवले. तिसऱ्याच दिवशी कोंब वर आले आणि मला केवढा आनंद झाला! पिटुनियाला उगवायला आठवडा-दहा दिवस लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

पॅन्सी आणि नॅस्टर्शियमच्या ट्रेमध्ये मात्र काहीच उगवलं नाही. विचारलं तर लगेच उत्तर, "मॅडम, तुमच्याकडची हवा दमट, त्यात तुम्ही पाणी जास्त घातलंत." मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो, कारण ते पटण्यासारखं होतं. दमट हवेत कोवळी रोपं मुळाशी कुजतात, हे खरंच आहे. मी स्वतःलाच दोष दिला आणि त्यांनी सुचवलेली 'उगवण पावडर' ३५० रुपये भरून मागवली. ती आलीच नाही.

पुढे पिटुनियाच्या पानांवर लाली चढली. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, ही तर तांबडी भाजी!" म्हणजे लाल माठ. फ्लॉक्स आणि लार्कस्परच्या पाकिटांतही तेच बी होतं. कॅलेंडुलाच्या पाकिटात मोहरी निघाली. कॅलेंडुलाचं बी वाकडं, खरखरीत, वाळलेल्या आळीसारखं असतं. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. नॅस्टर्शियमचं सुरकुतलेलं, जवळजवळ वाटाण्याएवढं. म्हणून पाकीट उघडलं की आधी बी तळहातावर घ्या आणि उजेडात बघा.

ट्रेचा फोटो पाठवला, तशी त्यांनी मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण महिना उलटल्यावर. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर १९१५ आहे.

आणि पॅन्सीचं आणखी एक. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दिवसा पारा तिशीच्या वर जातो, रात्री विशीच्या आसपास राहतो. पॅन्सीला याहून कितीतरी गार हवा लागते. गोव्यातला पत्ता पाहूनही कुणी बेधडक पॅन्सीचं बी विकत असेल, तर मला आता त्याच्या बाकीच्या बियांचाही भरवसा वाटणार नाही.

परवा तीच जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा दिसली. फोटो तोच आहे: कड फुटलेली निळी कुंडी आणि सात रंगांची पिटुनिया.