जीवाश्म कवडीचे वर्णन: शिल्डरांचे सूत्र की कच्ची मापे?

नवी प्रजाती मांडताना होलोटाइप (नाव ज्या एका नमुन्यावर बेतले तो) कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला, हे १९९९ नंतरच्या नावांना नियमानेच सांगावे लागते. तिथे निवडीला वाव नाही. चलबिचल होते ती मापांच्या तक्त्यापाशी.

कवड्यांचे अभ्यासक असलेल्या शिल्डर दांपत्याचे सूत्र सुटसुटीत आहे: लांबी, लांबीच्या टक्क्यांत रुंदी, मग मुखाच्या फटीच्या बाहेरच्या आणि आतल्या ओठाचे, म्हणजे कडेचे, दात, तेही २५ मिमीच्या कवडीवर आणलेले. त्यासाठी दातांतून ७ वजा करायचे, उरलेल्याला २५ भागिले लांबी याच्या वर्गमूळाने गुणायचे आणि ७ परत मिळवायचे. लहानमोठ्या कवड्या एका ओळीत बसतात. जिवंत कवड्यांवरचे बरेच जुने काम याच भाषेत असल्याने तुलनाही सोपी जाते. कच्च्या मापांचा तक्ता त्यापुढे गबाळा दिसतो आणि हिशेब वाचकावर पडतो.

तरी माझा कल तक्त्याकडेच आहे, आणि कारण एकच: मोडके टोक. सूत्राचा सगळा डोलारा लांबीवर उभा, आणि जीवाश्मात आधी झिजते ते टोकच. ४० मिमी लांब, २६ मिमी रुंद, बाहेरच्या ओठावर २४ दात अशी कवडी घ्या. सूत्र देते ६५ टक्के आणि २० दात. टोकाचे २ मिमी गेले की तीच कवडी ६८ टक्के आणि २१ दातांची होते. प्रजाती वेगळी म्हणायला कधीकधी एवढाच फरक पुढे केला जातो! तक्त्यात मात्र ‘३८+’, म्हणजे निदान ३८, असे लिहिता येते. सूत्रात अधिकचिन्हाला जागाच नाही.

दातांचेही तेच. मुखात घट्ट गाळ बसला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली सुईने तो काढावा. आम्ल लावू नये, गाळाबरोबर शिंपलाही विरघळतो. दातांच्या डॉक्टरांचे सिलिकॉन मुखात दाबून ठशावर मोजणे सोपे जाते. तरीही आतल्या ओठाचे मागचे दात बऱ्याचदा दिसत नाहीत. तिथे ‘१४+’ लिहावे, आणि पुढच्या टोकाची कड दातांत धरली की नाही तेही नोंदवावे. दोन मोजणाऱ्यांत एका दाताचा फरक पडतो तो बहुधा तिथेच.

काही गोष्टी दोन्हींत निसटतात. पूर्ण वाढीनंतर कवडी लांब होत नाही, पण कडेचे लेपण जाड होत राहते, म्हणून म्हातारी कवडी रुंद भरते. फ्लोरिडातली सायफोसायप्रिया ही जीवाश्म कवडी ओळखायची ती मुखाच्या मागच्या टोकाच्या स्वल्पविरामासारख्या खाचेवरून. ती शब्दांत आणि चित्रातच सांगावी लागते. शिंपला विरघळून नुसता आतला साचा उरला असेल, तर त्यावर सूत्र चालवूच नये. तो होलोटाइप करणेही टाळलेले बरे.

जिवंत कवड्यांशी तुलना हवीच असेल, तर सूत्र शेवटच्या स्तंभात द्यावे, फक्त दोन्ही टोके शाबूत असलेल्या नमुन्यांसाठी.