दोन इंजिनांची मोठी स्पीडबोट कोकणात: ट्रेलरवर ठेवायची की खाडीत?

दोन इंजिनांची वेगवान बोट घ्यायची म्हटलं की बोलणं हॉर्सपॉवरपासून सुरू होतं आणि टॉप स्पीडवर येऊन थांबतं. कोकणात हा क्रम उलटा हवा. बोट पाण्यात नसेल तेव्हा राहणार कुठे आणि इंधन तिच्यापर्यंत पोचणार कसं, हे आधी ठरवा. तेवढं ठरलं की कोणतं इंजिन घ्यायचं याचे पर्याय फारसे उरत नाहीत.

बाजारात साधारण तीन प्रकार समोर येतात. एक, 26 ते 28 फुटी बोट, मागे बाहेरून टांगलेले दोन पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे आपले मच्छीमार ज्याला ओबीएम म्हणतात तेच, फक्त 200 ते 300 हॉर्सपॉवरचे. दोन, 35 ते 38 फुटी लांब नाकाची परफॉर्मन्स बोट, आत दोन मोठी व्ही-8 पेट्रोल इंजिनं आणि बाहेर दोन स्टर्नड्राइव्ह, म्हणजे गिअर आणि पंखा असलेले मागचे भाग. तीन, तेवढ्याच लांबीची पण डिझेल स्टर्नड्राइव्हची बोट. फोटोत सगळ्यात देखणी दुसरी दिसते, आणि जुनी असली तर तीच सगळ्यात स्वस्त मिळते. माझं मत आधीच सांगून टाकतो: ट्रेलरवर ठेवणार असाल तर पहिली, खाडीत ठेवणार असाल तर तिसरी. दुसरी कुणी फुकट दिली तरी मी दोन दिवस विचार करेन.

पेट्रोलपासूनच सुरुवात करू. 300 हॉर्सपॉवरचं एक पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला 110 लिटरच्या आसपास पितं. दोन म्हटलं की सव्वादोनशे. तसं कुणी तासभर चालवत नाही, पण 30 नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, साधारण 1.85 किलोमीटर) आरामाच्या वेगातही 28 फुटी बोट तासाला शंभरेक लिटर घेते. रत्नागिरी ते मालवण समुद्रातून साठ नॉटिकल मैलांच्या आत-बाहेर. जाऊन येऊन चारशे लिटर धरा, वर राखीव ठेवा. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हाताशी, हा जुना हिशोब आपल्या किनाऱ्यावर मोडू नये, कारण मधल्या बंदरांत धक्क्यावर पेट्रोल मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

मग खाडीत नांगरलेल्या बोटीत सहाशे लिटर पेट्रोल भरायचं कसं? पेट्रोलियम कायदा 1934 प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना 30 लिटरपर्यंतच पेट्रोल नेता-साठवता येतं. म्हणजे टेम्पोत कॅन भरून होडीतून बोटीपर्यंत नेणं बेकायदा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे जिवावरचं आहे. डिझेलला हीच मर्यादा 2500 लिटर आहे, एका भांड्यात हजारापेक्षा जास्त नको एवढीच अट. बोट ट्रेलरवर असेल तर प्रश्नच मिटतो, गाडीसारखी ती पंपावर उभी राहते. (पंपवाल्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा. चारशे लिटर भरेपर्यंत मागे रिक्षांची रांग लागते आणि मग तुमच्या बोटीचं कौतुक कुणी करत नाही.)

पेट्रोलची दुसरी भानगड इथेनॉलची. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं, आणि मर्क्युरी-यामाहासारख्या कंपन्या बोटीच्या इंजिनांना 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, पुरेसं पाणी शिरलं की टाकीत खाली वेगळा थर धरतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने बंद पडलेली अर्धी टाकी म्हणजे या प्रयोगाची उत्तम सोय. मोठ्या शहरांत मोजक्या पंपांवर इथेनॉल नसलेलं 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, भाव दीडपटीच्या घरात. ते दर फेरीला परवडणार नाही, पण हंगामाच्या शेवटच्या फेरीला टाकीत तेवढंच असू द्यावं. नाहीतर मे महिन्यात टाकी रिकामी करून घ्यावी.

यातून दोन इंजिनांबद्दलचा एक गैरसमजही निघतो. ‘एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येऊ’ हे खरं, पण दोन्ही एकाच टाकीवर असतील तर पाणी मिसळलेलं पेट्रोल दोघांनाही एकदमच बंद पाडतं. दोन टाक्या, दोन पाणी वेगळं करणारे फिल्टर, दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतील तरच दुसरं इंजिन हा खरा विमा. आणि एका इंजिनावर बोट बहुधा पाण्यावर उचलत नाही, सहा-आठ नॉटनी सरपटत येते. वीस मैल आत असाल तर तीन तास धरून चला. तरीही हा विमा मला आपल्याकडे हवाच वाटतो. रात्री जाळ्याची दोरी पंख्यात गुंतली की त्याचं मोल कळतं. एक लक्षात ठेवा, दोन पंखे उलटसुलट फिरतात, एक उजवा, एक डावा. म्हणून जादा पंखेही दोन बाळगावे लागतात.

आता ट्रेलर. रुंदीच्या बाबतीत परफॉर्मन्स बोटी आपल्याला आश्चर्यकारक सोयीच्या आहेत. अमेरिकेत रस्त्यावर खास परवान्याशिवाय 102 इंच, म्हणजे 2.59 मीटर रुंदी चालते. त्या मापात बसवायच्या म्हणून कित्येक 38 फुटी बोटीही साडेआठ फूटच रुंद बांधल्या गेल्या. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतली मर्यादा 2.6 मीटर. एका सेंटिमीटरने का होईना, बसल्या. उलट 28 फुटी पसरट सेंटर कन्सोल (मधोमध सुकाणू असलेली उघडी) बोट पुष्कळदा याहून रुंद असते, त्यामुळे पहिला पर्याय घेताना टेप लावूनच घ्या. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच आहे, त्याची आरटीओ नोंदणी लागते.

वजनाचं गणित मात्र कडक आहे. 28 फुटी बोट इंजिनांसह तीन टनांच्या आसपास, साडेचारशे किलो पेट्रोल, पाऊण टन ट्रेलर. म्हणजे चार टन ओलांडले. मोठ्या एसयूव्हींची ओढण्याची मर्यादा ब्रेकवाल्या ट्रेलरसह तीन-साडेतीन टनांवर संपते. म्हणून एसयूव्हीला जोडून शनिवारी निघू, हे चित्र 24-25 फुटांपर्यंतच खरं. त्यापुढे छोटा ट्रक लागतो. 38 फुटी घेतलीत तर तीन आसांचा ट्रेलर धरून सहा टनांच्या पुढे जाल. साडेअकरा मीटर बोट, तिच्यापुढे ट्रेलरची दांडी, त्यापुढे ट्रक. महामार्ग 66 वर हे सगळं सरळ जाईल. अडेल ते शेवटच्या पाच किलोमीटरला, जिथे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आहेत, वर फणसाची फांदी आहे आणि तिच्याखालून विजेची तार गेली आहे.

सागरी मार्गाने जाताना दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला अशी फेरीबोट लागते. तिथे ओहोटीची वेळ टाळा. पाणी खाली गेलं की फेरीच्या झडपेचा, म्हणजे गाड्या चढायच्या फळीचा, कोन वाढतो आणि लांब ट्रेलरची शेपटी घासते. इंजिनाचे पंखे नेमके तिथेच असतात.

रॅम्पवरही भरती-ओहोटीच मालक. मुंबईला उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरती-ओहोटीची तफावत चार-पाच मीटरपर्यंत जाते, दक्षिणेकडे ती कमी होत रत्नागिरीला अडीच मीटरच्या आसपास येते. एकास आठ उतारावर अडीच मीटर म्हणजे रॅम्पची वीस मीटर लांबी. काँक्रीट तेवढं खाली गेलेलं नसेल तर ओहोटीला ट्रेलरची चाकं कडेवरून चिखलात उतरतात आणि मग ट्रॅक्टर शोधा. तुम्ही बघायला जाल ते भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या दिवशी जाऊ नका. उधाणाच्या ओहोटीला जा, रॅम्प कुठे संपतो ते डोळ्यांनी दिसतं. तेव्हाच खाडीच्या तोंडाशी वाळूची भर कुठे पडली आहे तेही कळेल, आणि ती दर पावसाळ्यानंतर जागा बदलते.

लांबून आलात तर लगेच ट्रेलर पाण्यात घालू नका. चाकाच्या हबला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये ओढलं जातं. त्या दिवशी काही होत नाही. पुढच्या महिन्यात परशुराम घाटात चाक धूर काढतं.

इंजिनांच्या देखभालीत आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह यांची तुलना एकतर्फीच आहे. आउटबोर्ड पूर्ण वर उचलून पाण्याबाहेर काढता येतं. नळी जोडून गोड्या पाण्याने धुता येतं, शंभर तासांनी किंवा वर्षाने तेल, फिल्टर, पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (आतला रबरी पंखा) बदललं की झालं. आपल्या खाड्यांच्या वाळूत इम्पेलर लवकर झिजतं, तेवढं लक्ष ठेवायचं. इथे एक स्थानिक मेख आहे: समुद्राजवळच्या पुष्कळ विहिरींचं पाणी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतं. त्याने इंजिन धुणं म्हणजे मीठ फिकं करणं. जानेवारीतच एखादी टाकी गोड्या पाण्याची भरून बाजूला ठेवावी.

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आत, गिअर बाहेर, आणि दोघांच्या मध्ये रबराचा बेलो, म्हणजे घड्यांची नळी. तो चिरला की बोटीत पाणी. शिवाय जिंबल बेअरिंग, युनिव्हर्सल जॉइंट, आणि खाऱ्या पाण्याने थंड होणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व रायझर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे भाग), जे पेट्रोल इंजिनांवर चार-पाच वर्षांत आतून कुजतात. कुजले की पाणी थेट सिलिंडरमध्ये. हे सगळं गुणिले दोन. ड्राइव्ह वर घेतलं तरी थोडं पाण्यात राहतंच, म्हणून खाडीत महिनाभर उभ्या बोटीवर कालवं धरतात. अॅनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) झिंकऐवजी अॅल्युमिनियमचे लावा, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात तेच नीट काम करतात. पेट्रोलवाल्या बोटीत आणखी एक: इंजिनरूममध्ये पेट्रोलची वाफ साचते, म्हणून सुरू करण्याआधी ती बाहेर फेकणारा पंखा, ब्लोअर, चार मिनिटं चालवायचाच. पाहुणे धक्क्यावर घाई करत असतात तेव्हा या चार मिनिटांची खरी परीक्षा.

जुनी परफॉर्मन्स बोट बघायला गेलात तर चमकणाऱ्या जेलकोटकडे (बाहेरच्या गुळगुळीत थराकडे) पाठ करा. ड्राइव्हचं गिअर ऑइल बाहेर काढून काचेच्या पेल्यात बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. बेलोच्या घड्या बोटाने उघडून चिरा बघा. मॅनिफोल्ड शेवटचे कधी बदलले त्याचं बिल मागा, तोंडी उत्तर घेऊ नका. इंजिन कोणतं तेही विचारा. या बोटींत सर्रास सापडणारं जीएमचं 8.1 लिटर व्ही-8 बनवणं 2009 सालीच थांबलं, सुटा भाग मागवून वाट बघण्यात हंगाम जाऊ शकतो.

डिझेल स्टर्नड्राइव्हलाही बेलो आहे, तोही बदलावाच लागतो. पण 300 हॉर्सपॉवरचं डिझेल पूर्ण जोरात तासाला साठेक लिटरवर भागवतं, स्फोटाची भीती फार कमी, आणि बंदरातल्या मेस्त्रीला डिझेल इंजिन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. संगणक लावायची वेळ आली की मात्र मुंबई किंवा गोव्याहून माणूस येतो, तो मोठ्या आउटबोर्डसाठीही येतोच. वेगात दहा-पंधरा नॉट सोडावे लागतात. मला ते महाग वाटत नाही, कारण फेब्रुवारीनंतर दुपारी वारा उठला की समुद्रावर जी कटकट सुरू होते, तिच्यात 50 नॉटने जाणारा माणूस बघायला मिळत नाही. वेगाची हौस सकाळी, मतलई वारा पडल्यावर आणि अकराच्या आत भागवायची. मच्छीमारांना सवलतीचं डिझेल मिळतं ते तुमच्यासाठी नाही, हेही हिशोबात धरा.

पावसाळ्यात ट्रेलरवाला जिंकतो, यात वाद नाही. मच्छीमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, तोवर गावातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. ट्रेलरवाली बोट मेच्या मध्यात मांडवाखाली जाते, काम फक्त उंदरांपासून वायरिंग वाचवण्याचं. खाडीतल्या मोठ्या बोटीला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवावी लागते. क्रेनवर लिहिलेले टन हे हात आखूड असतानाचे, धक्क्यावरून लांब पोचायचं तर तिची ताकद निम्म्याहून खाली येते. दोन रुंद पट्टे आणि बोटीच्या अंगाला चेपू न देणारी आडवी दांडी नसेल तर उचलूच देऊ नका. ज्याला मरीना म्हणावं असं काही रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाही, त्यामुळे ही कसरत वर्षातून दोनदा.

कागदपत्रं दोघांनाही सारखीच. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणी आणि सर्वेक्षण. नवीन घेणार असाल तर मौजेच्या बोटींवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, जुन्या बोटींचे भाव त्यामुळेही टिकून राहतात.

घासाघीस करायची तर एप्रिलच्या शेवटी करा. विकणाऱ्याला समोर क्रेनचा, शेडचा आणि चार महिन्यांच्या राखणीचा खर्च दिसत असतो, तेव्हा तो खाली येतो. फक्त समुद्रातली चाचणी मेच्या मध्याच्या आत उरकून घ्या, दोन्ही इंजिनं वेगवेगळी पूर्ण थ्रॉटलवर चालवून. ‘सप्टेंबरमध्ये ट्रायल देतो, टोकन आत्ता द्या’ असं कुणी म्हणालं तर टोकन सप्टेंबरमध्येच द्या.