वानगीचा चहा आणि पाकिटातला चहा

यंदा संक्रांतीच्या आधी आम्हा सहा जणांचे मिळून १७,७०० रुपये गेले. ११,२०० चहाचे, ६,५०० एका किटलीचे. किटलीचे माझ्या एकटीचे. पैसे परत आलेले नाहीत. तरी सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला फसवणारा हा चहाविक्रेता प्रदर्शनांतून फिरतो आणि त्याची पद्धत अशी आहे की ज्यांना चहातलं थोडंफार कळतं, तेच आधी सापडतात.

आम्ही डोंबिवलीत दर रविवारी सकाळी आठला कुणाच्या तरी घरी जमतो. ज्याने त्याने आपली पाती आणायची, नवीन कप किंवा किटली घेतली असेल तर तीही आणायची, आणि एकामागून एक तीन-चार चहा करून प्यायचे. दूध नाही, साखर नाही. घरचे म्हणतात कोऱ्या चहात एवढं काय आहे. मला ते २०१९च्या एप्रिलमध्ये दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगला कळलं. तिथल्या एका बागेच्या कारखान्यात खुडलेली पाती रात्रभर पंख्याच्या वाऱ्यावर सुकत पसरलेली होती, आणि तो हिरवा, जरासा फुलांचा वास जिन्यापर्यंत येत होता. परतताना शंभर ग्रॅम आणला, तो मी सहा महिने पुरवून प्यायले. आमच्यातले काका मुंबईच्या घाऊक बाजारात चहाच्या पेढीवर आयुष्यभर नोकरीला होते. त्यांना बशीत पाती पसरून दाखवली की ते बागेचं नाही तरी प्रदेशाचं नाव सांगतात.

हळदीकुंकवाचं वाण घ्यायला मी एका हॉलमधल्या प्रदर्शनात गेले होते. बांगड्या, कुरडया, पैठणीच्या पर्सेस, आणि कोपऱ्यात एक टेबल. त्यावर तीन काचेच्या वाट्या, तापमान दाखवणारी इलेक्ट्रिक किटली आणि पांढरे छोटे कप. मी थांबले. विक्रेता पंचेचाळिशीचा, शांत, मराठी चांगलं बोलणारा. त्याने काही विकायला सुरुवात केली नाही. उलट विचारलं, "ताई, तुम्ही घरी कुठला घेता? पाणी किती गरम?" मी सांगत गेले. कुठला आवडतो, कुणाकुणासोबत पिते, कर्सियांगला गेले होते, मातीची किटली घ्यायची कधीपासून मनात आहे. सगळं मीच सांगितलं. आज आठवलं की कळतं, त्याने पुढे मला जे जे विकलं ते माझ्याच तोंडून काढून घेतलेलं होतं.

मग त्याने चहा केला. दोन-तीन ग्रॅम पाती, उकळून जरा निवलेलं पाणी, तीन मिनिटं. रंग गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा. पहिल्या घोटाला जिन्यातला तो वास परत आला. तो चहा खरा होता. शंभर टक्के खरा दार्जिलिंग, पहिल्या खुडणीचा, म्हणजे फर्स्ट फ्लश. वर तो म्हणाला, "हा मागच्या वर्षीचा आहे, ताई, खोटं सांगणार नाही. ताजा हवा असेल तर नवीन पीक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. आधी नोंदणी करणाऱ्यांनाच देतो, कारण पहिला लॉट फार थोडा असतो." माल जुना आहे हे स्वतःहून सांगणाऱ्या माणसाबद्दल मनात शंका कशी येणार?

इथे मी थांबायला हवं होतं, कारण खोट त्याच वाक्यात होती आणि ती मला माहीत असलेली होती. दार्जिलिंगच्या डोंगरात डिसेंबरपासून झुडपं निद्रिस्त असतात. नवीन फुटवा फेब्रुवारीच्या अगदी शेवटी किंवा मार्चमध्ये येतो, तेव्हा खुडणी सुरू होते. त्यानंतर सुकवणं, वळणं, भाजणं, मग विक्री. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीत नवीन पीक पोचूच शकत नाही. मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "यंदा थंडी लवकर ओसरली, खालच्या बागांत फुटवे दिसायला लागलेत." खालच्या उंचीवरच्या बागांत खुडणी थोडी आधी सुरू होते, हे खरं आहे. त्या खऱ्याला त्याने महिनाभर मागे ओढलं आणि मी मान डोलावली.

पाव किलोचं पाकीट १,४०० रुपये. म्हणजे किलोला ५,६००. एका बागेच्या चांगल्या फर्स्ट फ्लशला हा भाव स्वस्त नाही आणि अवाजवीही नाही. फार स्वस्त असता तर शंका आली असती. मी तिथूनच सगळ्यांना फोन केले. काका तेव्हा नागपूरला लेकीकडे होते. म्हणाले, "तू चाखलायस ना? मग माझी दोन घे." हे वाक्य मला अजून टोचतं. काकांची दोन, माझी दोन, बाकी चौघांचं एकेक, अशी आठ पाकिटं. पैसे यूपीआयने, पूर्ण आगाऊ. पैसे पाठवताना पडद्यावर दुकानाचं नाव नव्हतं, एका व्यक्तीचं नाव होतं. बिल मागितलं तर म्हणाला पार्सलमध्ये येईल.

मग टेबलाखालून त्याने किटली काढली. जांभळट तपकिरी, तळहातात मावणारी. यीशिंगची, चीनच्या ज्यांगसू प्रांतातली, झीशा मातीची. ही माती चकचकीत लेप न देता भाजतात, त्यामुळे ती चहाचा वास धरून ठेवते असं मानतात, म्हणून शौकीन एका किटलीत एकाच प्रकारचा चहा करतात. त्याने हे सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "म्हणून ताई, नवीन चहा येईपर्यंत ही वापरू नका. पहिलं पाणी त्याच चहाचं लागू दे." मला ते इतकं पटलं की किटली मी जवळजवळ महिनाभर खोक्यातून काढलीच नाही. तेवढे दिवस त्याला मिळाले. सोबत बनवणाऱ्या कारागिराच्या फोटोचं, चिनी शिक्का मारलेलं एक कार्ड होतं. असलं कार्ड कुठल्याही छापखान्यात छापून मिळतं.

पार्सल ८ फेब्रुवारीला आलं. बिल नव्हतं. मी ते मुद्दाम रविवारपर्यंत फोडलं नाही, सगळ्यांसमोर फोडायचं होतं.

काका परत आले होते. पाकीट कापलं, पाती पांढऱ्या बशीत काढली. फर्स्ट फ्लशची पाती एका रंगाची नसते. ती खूप कडक सुकवतात, त्यामुळे पुढे पूर्ण काळी पडत नाही. हिरवी, शेवाळी, तपकिरी, मधे रुपेरी टोकं, असं मिश्रण दिसतं. बशीत होती ती सरसकट तपकिरी पाती, तुकडे बरेच, बोटांत चोळली की भुगा. काकांनी काही न बोलता बशी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. पाणी ओतलं. मिनिटभरात तांब्याचा रंग. एक मैत्रीण म्हणाली, पाणी जास्त गरम झालं असेल. पुन्हा केला, पाणी अजून निववून. तोच रंग, सपाट चव, शेवटी जिभेवर जुन्या गवतासारखं काहीतरी. काका म्हणाले, "हा गेल्या वर्षीचा पावसाळ्यानंतरचा माल आहे, तोही कुठेतरी पडून राहिलेला." बाकी कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही पाकीट वाचायला घेतलं, जे आधी करायला हवं होतं. 'फर्स्ट फ्लश मस्कॅटल' असं मोठ्या अक्षरात. मस्कॅटल हा द्राक्षासारखा स्वाद दुसऱ्या खुडणीची, मे-जूनची ओळख आहे. पहिल्या खुडणीच्या पाकिटावर तो शब्द का? आठही पाकिटांवर 'डीजे-१'. दार्जिलिंगच्या बागा वर्षाच्या पहिल्या लॉटला हा क्रमांक देतात, पण त्यासोबत बागेचं नाव असतं. इथे बागच नव्हती. अन्न परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो, हा मोजला तर १३. पॅक करणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. दार्जिलिंगचा गोल शिक्का, हातात पाती धरलेल्या बाईचा, तो होता, पण झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यासारखा पुसट. तो शिक्का टी बोर्डाच्या परवान्याशिवाय कुणालाही वापरता येत नाही. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन म्हणजे दार्जिलिंग चहाच. डोंगरातल्या ८७ बागांचा चहा तेवढाच दार्जिलिंग, आणि अलीकडे त्याचं सगळं पीक मिळून वर्षाला ७० लाख किलोंच्याही खाली आलंय. पहिली खुडणी त्याचा लहानसा भाग. म्हणूनच नावाला भाव आहे आणि नावाचीच चोरी होते.

कुणीतरी सुचवलं म्हणून घरगुती चाचणीही केली. गाळणकागदावर पाती पसरून पाणी शिंपडायचं, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरायचा. रंग मिसळलेला असेल तर कागदावर तपकिरी डाग उतरतात. आमचा कागद स्वच्छ निघाला. लोहचुंबक फिरवला, लोखंडाचा कीस नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अनेकांना वाटतं की या चाचण्या पार पडल्या म्हणजे चहा अस्सल. त्या फक्त भेसळ पकडतात. चहा कुठल्या डोंगरातला आणि कुठल्या महिन्यातला, हे त्यांना कळत नाही. पाकिटात चहाच होता. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश नव्हता, एवढंच.

किटलीचं मात्र वेगळं निघालं. गरम पाणी ओतल्यावर बूट पॉलिशसारखा वास आला. ओल्या पांढऱ्या रुमालाने बाहेरून पुसली तर रुमालावर चॉकलेटी पट्टा. उन्हात धरून आत पाहिलं. यीशिंगची हाताने केलेली किटली चाकावर घडवत नाहीत. मातीचे पापुद्रे लाकडी थापीने थापून, गुंडाळून जोडतात, त्यामुळे आतून, कान बसवतो त्या बाजूला, उभा सांधा बहुधा बोटाला लागतो. माझी आतून काचेसारखी गुळगुळीत होती, आणि तोटीच्या खालून थेट बुडापर्यंत साच्याची बारीक रेघ गेलेली. पातळ माती साच्यात ओतून केलेली, वरून रंग आणि मेण. २०१० साली चीनच्या सरकारी वाहिनीनेच साध्या मातीत रसायनं मिसळून झीशा म्हणून विकणाऱ्यांचा प्रकार उघड केला होता, हे मी नंतर वाचलं. त्या किटलीतलं पाणी मी प्यायले नाही. तुम्हीही असल्या किटलीतून काही पिऊ नका.

त्याच दुपारी फोन केला. तो चिडला नाही, नाकारलं नाही. "ताई, पॅकिंगवाल्या पोराने घोळ केला असणार, आठवड्यात बदलून देतो." आठवड्याने म्हणाला कुरियर अडकलंय. मग आजी वारली. असे बारा दिवस गेले आणि नंबर बंद झाला. हे गोड बोलणं हाही फसवणुकीचाच भाग असतो. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. मी फोन केला तेव्हा पैसे देऊन चाळीसेक दिवस झाले होते. खात्यात काही शिल्लक नव्हतं. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत. आयोजकांकडे त्याचं नाव आणि तोच बंद नंबर. कुरियरच्या चिठ्ठीवरचा पत्ता एका मोबाईल रिचार्जच्या दुकानाचा निघाला, त्या दुकानदाराने कुणाला ओळखत नाही म्हणून सांगितलं.

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनवर, बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, ऑनलाइनही दाखल करता येते, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. फक्त कुणाविरुद्ध, त्याचं नाव-पत्ता लागतो, आणि बिल. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, पोच घेतलीय. यूपीआयच्या व्यवहारांचे क्रमांक, कुरियरची चिठ्ठी, पाकिटांचे फोटो सगळं जोडलंय. न फोडलेली तीन पाकिटं आणि किटली पुरावा म्हणून तशीच ठेवली आहेत. पाचही जणांना मी पैसे परत द्यायला गेले. चौघांनी घेतले नाहीत. एकीने घेतले, आणि तिचं बरोबर आहे, कारण ती माझ्या शब्दावर आली होती.

मार्चच्या अखेरीला आम्ही ५० ग्रॅमचं एक पाकीट मागवलं. बागेचं नाव, लॉट क्रमांक, खुडणीची तारीख आणि पक्कं बिल असलेलं. ५० ग्रॅमच घेतलं. आवडलं तर पुन्हा तेवढंच घेऊ, आणि पैसे ज्याचे त्याने स्वतः भरायचे असं ठरलंय.

प्रदर्शनात असा कुणी भेटला, तीन काचेच्या वाट्या मांडून बसलेला, तुम्ही काय पिता हे आस्थेने विचारणारा, तर त्याने पाजलेल्या चहावर काही ठरवू नका. जे पाकीट तुम्ही घरी नेणार आहात तेच तिथे फोडायला सांगा, त्यातलीच पाती वाटीत घालायला लावा, आणि पाणी तुम्ही स्वतः ओता. नवीन माल नंतर येणार असेल तर पैसेही नंतर.